साइटवर एकक बदलताना: फूट-इंच, ब्रास, सूत ते किलोन्यूटन

नागपुरात एक साधं दोन मजली घर बांधायला घ्या. नकाशा मिलिमीटरमध्ये असतो, प्लॉट चौरस फुटात आणि सातबारा हेक्टर-आरमध्ये. रेती-गिट्टी ब्रासने येते. लोहा किलोवर येतो, पण मिस्त्रीच्या तोंडी सूतच (इंचाचा आठवा भाग). मातीचा अहवाल टन प्रति चौरस मीटरमध्ये आणि क्यूबचा (काँक्रीटच्या चाचणीच्या ठोकळ्याचा) निकाल न्यूटनमध्ये. एवढ्या सगळ्यातून एक आकडा फिरत फिरत बिलापर्यंत पोचतो आणि वाटेत कुठेतरी बिघडतो.

दहापटीच्या चुकीची फारशी भीती नसते. आठ घनमीटरच्या जागी ऐंशी दिसले तर चहावालासुद्धा विचारेल. दोन, पाच किंवा वीस टक्क्यांची चूक मात्र कोणाच्या डोळ्यात भरत नाही आणि थेट मालाच्या चलनात, लोह्याच्या अंतरात किंवा पायाच्या मापात जाऊन बसते. हा लेख त्या चुकांसाठी आहे.

उदाहरणाला शेवटपर्यंत एकच स्लॅब धरू: ३० फूट ६ इंच × २२ फूट ९ इंच, जाडी ५ इंच.

## तयारी: मोजायला जाण्याआधी

एक घरचं एकक ठरवा. साइटच्या वहीच्या पहिल्या पानावर लिहा: लांबी मिमी किंवा मीटरमध्ये, घनफळ घनमीटरमध्ये, वजन किलोत, बल किलोन्यूटनमध्ये, दाब न्यूटन प्रति चौरस मिमीमध्ये. बाहेरून येणारा प्रत्येक आकडा वहीत शिरतानाच या एककात येईल आणि पुढचा हिशेब त्यातच होईल. पुरवठादाराला ब्रास हवा असेल तर तो अगदी शेवटी, ऑर्डर लिहिताना. मधे तीनदा इकडे-तिकडे केलं की तीनदा गोल होतं आणि तीनदा चुकायची संधी मिळते.

गुणक एकाच जागी लिहा. ज्याच्या-त्याच्या डोक्यातले वापरू नका. बहुतेक कामाला एवढे पुरतात:

- १ इंच = २५.४ मिमी, १ फूट = ०.३०४८ मी (दोन्ही तंतोतंत)
- १ चौ. मी = १०.७६४ चौ. फूट
- १ घनमीटर = ३५.३१५ घनफूट
- १ ब्रास = १०० घनफूट = २.८३२ घनमीटर
- १ एकर = ४० गुंठे = ४३,५६० चौ. फूट
- १ आर = १०० चौ. मी
- १ किलो वजनाचं बल = ९.८०७ न्यूटन
- १ न्यूटन प्रति चौ. मिमी = १०.२ किलो प्रति चौ. सेमी

टेप तपासा. मिस्त्रीच्या टेपचा पुढचा हूक वाकलेला किंवा सैल झालेला असेल तर प्रत्येक मापात दोन-तीन मिमी जातात. ते एकक बदलून सापडत नाहीत. नव्या टेपशी एकदा १ मीटरवर आणि एकदा ५ मीटरवर जुळवून घ्या.

> इशारा: "इंच म्हणजे पंचवीस मिमी, चालतंय" हे एका इंचावर चालतं. ३० फूट ६ इंच म्हणजे ३६६ इंच. पंचवीसने गुणलं तर ९,१५० मिमी येतात, खरं माप ९,२९६. एका भिंतीत १४६ मिमी, म्हणजे अर्ध्या विटेपेक्षा जास्त आत.

## टप्पा १: आकडा एककासकट लिहा

वहीत "३०.६" असं लिहिलेलं दिसलं की थांबायचं. ते तीस फूट सहा इंच आहे, तीस पूर्णांक सहा दशांश फूट आहे की मीटर? लिहिणारा उद्या साइटवर नसेल तर हे सांगणारं कोणी उरत नाही.

नियम तीन. मोजलं तसंच, त्याच एककात आधी लिहा. त्याच्या शेजारी घरच्या एककात बदललेला आकडा लिहा. मूळ आकडा खोडू नका. उलट तपासणीच्या वेळी (टप्पा ८) त्याच्याशिवाय काहीच करता येत नाही.

## टप्पा २: फूट-इंच दशांशात आणा

सगळ्यात जास्त नुकसान इथे होतं, म्हणून इथे जरा थांबू.

मिस्त्री म्हणतो, "साडेदहा फूट." तो बरोबर आहे. इंजिनिअर टेपवर १० फूट ६ इंच बघतो आणि एक्सेलमध्ये १०.६ टाकतो. गडबड तिथे होते. फुटाचे बारा भाग असतात, दशांशाचे दहा. इंचाला बाराने भागल्याशिवाय तो टिंबाच्या पुढे जाऊ शकत नाही.

गंमत म्हणजे आपल्या बोलीत ही सोय आधीपासून आहे. सव्वा म्हणजे ०.२५, म्हणजे ३ इंच. साडे म्हणजे ०.५, म्हणजे ६ इंच. पावणे म्हणजे ०.७५, म्हणजे ९ इंच. कुठलंही माप मोठ्याने म्हणून पाहा. २२ फूट ९ इंच म्हणजे पावणेतेवीस, म्हणजे २२.७५. वहीत २२.९ असेल तर ते चूक आहे, कॅल्क्युलेटर काढायचीही गरज नाही.

मधले इंच असे:

१ = ०.०८३, २ = ०.१६७, ४ = ०.३३३, ५ = ०.४१७, ७ = ०.५८३, ८ = ०.६६७, १० = ०.८३३, ११ = ०.९१७.

आता आपला स्लॅब. ३०.५ × २२.७५ = ६९३.९ चौ. फूट. जाडी ५ इंच, म्हणजे ५ ÷ १२ = ०.४१७ फूट. घनफळ २८९.१ घनफूट, म्हणजे ८.१९ घनमीटर.

लांबी-रुंदीत ३०.६ आणि २२.९ टाकलं तरी फरक एक टक्काच पडतो. खरी मार जाडीत बसते. पाच इंच म्हणजे ०.५ फूट धरलं की घनफळ ३४६.९ घनफूट होतं. म्हणजे वीस टक्के, १.६ घनमीटर काँक्रीट जास्त. माप जितकं लहान, तितकी ही चूक मोठी. म्हणून जाडी, कव्हर (सळाखेवरचा काँक्रीटचा थर) आणि बीमची खोली आधी तपासा, लांबी नंतर.

टिप्पर मोजताना हाच प्रकार दोन्ही बाजूंनी होतो. आतून माप १० फूट ६ इंच × ६ फूट ८ इंच × ३ फूट असेल तर खरं घनफळ २१० घनफूट. १०.६ × ६.८ × ३ केलं तर २१६, म्हणजे सहा घनफूट रेतीचे पैसे फुकट. आता रुंदी ६ फूट १० इंच समजा. कोणीतरी ६.१० टाकतो, एक्सेल शेवटचं शून्य गिळून ६.१ ठेवतं आणि हिशेब १९४ वर येतो, खरं घनफळ २१५ असताना. टिप्पर मोठा झाला आणि माल कमी झाला! या वेळी भांडायला पुरवठादार येतो आणि तो बरोबर असतो.

एक्सेलमध्ये काय करायचं:

१. फूट आणि इंच वेगवेगळ्या रकान्यात ठेवा.
२. तिसऱ्या रकान्यात सूत्र: फूट + इंच ÷ १२.
३. चौथ्या रकान्यात तिसरा × ०.३०४८, म्हणजे मीटर.
४. इंचाच्या रकान्यात १२ किंवा त्याहून मोठा आकडा आला तर लाल होईल अशी अट घाला.

एकाच रकान्यात १०-६ असं टाकू नका. एक्सेल त्याची तारीख करून टाकतं आणि पुढची बेरीज भलतीकडेच जाते.

इंचाच्या खाली सूत येतं. एक इंच म्हणजे आठ सूत. ५ इंच ३ सूत म्हणजे ५.३७५ इंच, ५.३ नाही. मिमीत ते १३६.५.

> तपासा: वहीतल्या फुटाच्या रकान्यात टिंबापुढे .१०, .११ असे आकडे दिसतात का? दिसले तर तो अख्खा तक्ता संशयित समजा आणि मूळ मापावरून पुन्हा करा.

## टप्पा ३: लांबीचा गुणक क्षेत्रफळाला लावू नका

१,५०० चौरस फुटांचा प्लॉट ३.२८ ने भागून ४५७ चौरस मीटर काढणारे अजून भेटतात. दोन्ही बाजू बदलतात, म्हणून भागाकार दोनदा व्हायला हवा. बरोबर उत्तर १३९.४ चौ. मी. घनफळाला तो तीनदा होतो, म्हणून तिथे ३५.३१५ येतो.

यात गोंधळ नको असेल तर क्षेत्रफळ बदलूच नका. बाजू बदला आणि मग गुणा. आपल्या स्लॅबला ९.२९६ × ६.९३४ × ०.१२७ केलं की ८.१९ घनमीटर. फुटातून काढलेल्या उत्तराशी जुळलं, तपासणीही झाली.

जमिनीच्या कागदांत दोन सापळे आहेत. सातबाऱ्यावरचं ०.४० हेक्टर-आर म्हणजे ४० आर, म्हणजे ४,००० चौ. मी. एक एकर त्यापेक्षा थोडा मोठा, ४,०४७ चौ. मी. आर आणि गुंठा एकच समजणाऱ्यांचा इथे एक टक्का जातो. दुसरा सापळा मोठा आहे. "एक एकर वीस गुंठे" हे १.२० एकर असं लिहिलं जातं. चाळीस गुंठ्यांचा एकर, म्हणजे ते दीड एकर आहे. फरक १३,०६८ चौरस फुटांचा. लेआउटमधले चांगले आठ-दहा प्लॉट त्यात जातात.

## टप्पा ४: ब्रास कुठला, ते विचारा

रेती, गिट्टी, मुरूम यांचा ब्रास म्हणजे १०० घनफूट. प्लास्टर आणि फरशीचा ब्रास म्हणजे १०० चौरस फूट. दोघांनाही "ब्रास" म्हणतात आणि दरपत्रकात एकाखाली एक लिहितात. दर वाचताना काम कुठलं ते आधी बघा.

आपल्या स्लॅबचा माल १:१.५:३ (सिमेंट:रेती:गिट्टी) या प्रमाणाने काढू.

१. ओलं काँक्रीट ८.१९ घनमीटर.
२. कोरड्या मालासाठी १.५४ ने गुणा: १२.६ घनमीटर. हा गुणक एककाचा नाही, पोकळ्यांचा आहे. तो विसरला तर माल एक तृतीयांशाने कमी येतो आणि लोक दोष ब्रासला देतात.
३. एकूण भाग ५.५. सिमेंट २.२९ घनमीटर. १,४४० किलो प्रति घनमीटरने ३,३०० किलो, म्हणजे ६६ गोण्या.
४. रेती ३.४४ घनमीटर, गिट्टी ६.८८ घनमीटर.
५. आता, अगदी शेवटी, ब्रास: २.८३२ ने भागा. रेती १.२१ ब्रास, गिट्टी २.४३ ब्रास. नासाडी याच्यावर वेगळी धरा.

फर्म्याने (मापाच्या पेटीने) माल मोजत असाल तर फर्मा आतून मोजा. १२ × १२ × १५ इंच म्हणजे १.२५ घनफूट, एका गोणीच्या बरोबरीचा. कोणी तो "गोल आकड्यात" ३०० × ३०० × ३७५ मिमी करून आणला असेल तर प्रत्येक वेळी पावणेपाच टक्के माल कमी पडतो.

ब्रासचे टन कसे करायचे? रॉयल्टी ब्रासवर, धरमकाटा टनात, म्हणून हा प्रश्न रोज येतो. याला ठरलेला गुणक नाही. घनफळातून वजन काढायला त्या दिवशीच्या त्या मालाची घनता लागते. उपाय सोपा आहे. आतून बरोबर एक फूट लांब, रुंद, उंच अशी पेटी करा. माल न ठोकता भरा, वर फळी फिरवा, वजन करा, रिकाम्या पेटीचं वजन वजा करा. ४३ किलो आले तर एका ब्रासचे ४,३०० किलो, म्हणजे ४.३ टन.

> इशारा: ओलसर रेती फुगते, वीस-पंचवीस टक्क्यांपर्यंतसुद्धा. कालची कोरडी पेटी आजच्या पावसात भिजलेल्या रेतीला लावू नका. टिप्पर बदलला, घाट बदलला किंवा पाऊस पडला की पेटी पुन्हा भरायची.

## टप्पा ५: लोहा, सूत आणि मिमी

बाजारात तीन सूत म्हणजे १० मिमी, चार सूत १२, पाच सूत १६, सहा सूत २०, आठ सूत २५. ही टोपणनावं आहेत, रूपांतर नाही. चार सूत मोजून काढले तर १२.७ मिमी होतात आणि दुकानातून येते ती १२ मिमीची सळाख.

नवीन कामात नकाशाच मिमीत असतो, त्यामुळे फरक पडत नाही. पंचाईत होते ती जुन्या इमारतीच्या दुरुस्तीत, जिथे मूळ नकाशा इंचात आहे. समजा त्यात "अर्धा इंच सळाख, ६ इंचांवर" असं लिहिलंय आणि साइटवर "१२ मिमी, १५० वर" बांधलं.

- जुनं: १२६.७ चौ. मिमीची सळाख दर १५२.४ मिमीवर, म्हणजे मीटरला ८३१ चौ. मिमी.
- नवं: ११३.१ चौ. मिमीची सळाख दर १५० मिमीवर, म्हणजे मीटरला ७५४ चौ. मिमी.

नऊ टक्के लोहा कमी. तेवढंच क्षेत्रफळ हवं असेल तर अंतर १३५ मिमी ठेवावं लागतं. सळाख बदलताना व्यासाशी व्यास नाही, क्षेत्रफळाशी क्षेत्रफळ जुळवायचं. जुन्या लोह्याची ताकद आजच्यापेक्षा वेगळी असते, ते गणित स्ट्रक्चरल इंजिनिअरचं. पण त्याच्याकडे निदान आकडे तरी बरोबर जावेत.

वजनाचं सूत्र. व्यास × व्यास ÷ १६२ हे सगळ्यांना पाठ असतं, पण त्यातली एककं नसतात. व्यास मिमीत, उत्तर किलो प्रति मीटर. फुटाला हवं असेल तर १६२ च्या जागी ५३२ घ्या. १२ मिमीला १४४ ÷ १६२ = ०.८९ किलो प्रति मीटर. तुकडे फुटात मोजून १६२ वापरलं तर वजन सव्वातीन पट येतं, तेवढं लक्षात येतं. बारीक चूक वेगळी आहे: सळाख "चाळीस फुटी" म्हणून १२.१९ मीटर धरली जाते आणि येते १२ मीटरची. टनामागे सोळा किलोंचा फरक.

> तपासा: बंडलमधून एक सळाख काढून तिचा बरोबर १ मीटर तुकडा वजन करा. १० मिमीला ०.६१७ किलो, १६ मिमीला १.५८ किलो. फार कमी आलं तर एकक तपासायच्या आधी माल तपासा.

## टप्पा ६: वजन आणि बल वेगळे ठेवा

किलो हे वस्तुमानाचं एकक, न्यूटन बलाचं. जुन्या अहवालांत आणि जुन्या डायलवर बलसुद्धा किलो आणि टनात असतं, तिथून घोळ सुरू होतो.

"दहाने गुणा, झालं" कधी चालतं? ९.८१ च्या जागी १० घेतल्याने आकडा दोन टक्क्यांनी वाढतो. भार मोजत असाल तर भार थोडा जास्त धरला गेला, हरकत नाही. क्षमता मोजत असाल तर नसलेली ताकद कागदावर आली. भाराला दहा चालेल, क्षमतेला ९.८१ च.

नागपूरच्या काळ्या मातीत हे विशेष सांभाळा, कारण तिथे पायाच्या हिशेबात सैल जागा आधीच कमी असते. मातीच्या अहवालात १५ टन प्रति चौ. मी असेल तर सॉफ्टवेअरमध्ये १४७ किलोन्यूटन प्रति चौ. मी टाका, १५० नाही. अहवाल किलो प्रति चौ. सेमीमध्ये असेल तर तोच आकडा १.५ दिसेल.

क्यूब. १५० मिमीच्या क्यूबचा पृष्ठभाग २२,५०० चौ. मिमी. ४८७ किलोन्यूटनला फुटला तर ४,८७,००० ÷ २२,५०० = २१.६ न्यूटन प्रति चौ. मिमी. किलोन्यूटनचे न्यूटन करायला विसरलात तर ०.०२ येतं आणि चूक लगेच कळते. टनाच्या डायलवर ती कळत नाही. ४५.२ टनाला दहाने गुणून ४५२ किलोन्यूटन, म्हणजे २०.१, एम२० (२० न्यूटन प्रति चौ. मिमी ताकदीचं काँक्रीट) पास! ९.८१ ने गुणा, ४४३ किलोन्यूटन, १९.७.

यंत्राचा भार वाढवण्याचा वेगही असाच तपासा. १४ न्यूटन प्रति चौ. मिमी प्रति मिनिट म्हणजे या क्यूबला साधारण ५.२ किलोन्यूटन प्रति सेकंद. मिनिट आणि सेकंद उलटे झाले की क्यूब फार लवकर फुटतो किंवा तासभर फुटतच नाही.

सॉफ्टवेअर. फाइल उघडल्यावर पहिलं काम म्हणजे एकक बघणं. दुसऱ्याची फाइल घेतली असेल तर आधी. काँक्रीटची घनता २५ किलोन्यूटन प्रति घनमीटर, किलोत २,५००. एकाच्या चौकटीत दुसरा आकडा गेला की सगळं कोलमडतं. हाताने एक आकडा काढून ठेवा: आपल्या स्लॅबचं स्वतःचं वजन ८.१९ × २५ = २०५ किलोन्यूटन. फक्त स्वतःच्या वजनाचा भार देऊन आधारांवरच्या प्रतिक्रियांची बेरीज बघा. स्लॅबचा वाटा २०५ च्या आसपास नसेल तर पुढे जाऊ नका.

हिंगणा किंवा बुटीबोरीच्या वर्कशॉपमध्ये टॉर्कचं (बोल्ट आवळायच्या पिळाचं) हेच होतं. १८ किलो-मीटर (किलो गुणिले मीटर, अंतराचे किलोमीटर नाही) म्हणजे १७६.५ न्यूटन-मीटर. पान्यावर दोन पट्ट्या असतात. वाचायची ती सोडून दुसरी खडूने झाकून टाका.

## टप्पा ७: पाणी, दाब, पाइप

दाब. १ किलो प्रति चौ. सेमी म्हणजे १० मीटर पाणी, म्हणजे १४.२ पीएसआय. १ बार त्याहून किंचित जास्त, १.०२. प्लंबिंगच्या चाचणीत गेजवर दोन कडी असतात, आत एक, बाहेर एक. नोंदीत फक्त "१००" लिहू नका, "१०० पीएसआय, बाहेरचं कडं" असं लिहा.

बोअर. खोली फुटात बोलतात, पंपाचं हेड मीटरमध्ये छापतात. २५० फूट म्हणजे ७६ मीटर. आणि "दोन इंच पाणी लागलं" याचं लिटरमध्ये रूपांतर होत नाही, कारण ते एककच नाही. २०० लिटरचा ड्रम आणि घड्याळ घ्या. ८० सेकंदात भरला तर सेकंदाला २.५ लिटर, मिनिटाला १५०, तासाला ९ घनमीटर.

दर आणि साठा यांचीही गल्लत होते. तोतलाडोह धरणाचा साठा दलघमीत (दशलक्ष घनमीटर) सांगतात, शहराचा पुरवठा एमएलडीत (दशलक्ष लिटर रोज). १ दलघमी म्हणजे १,००० दशलक्ष लिटर, पण एमएलडीच्या पोटात "रोज" आहे. दिवस धरल्याशिवाय एकाचं दुसरं करता येत नाही.

पाइप. इथे रूपांतर करूच नका. एक इंची जीआय पाइपचा बाहेरचा व्यास साधारण ३३.७ मिमी, एक इंची सीपीव्हीसीचा २८.६ मिमी आणि शेतीच्या पीव्हीसी पाइपवर छापलेला ३२ मिमी हा थेट बाहेरचा व्यास. "एक इंच म्हणजे २५" म्हणून २५ मिमीची फिटिंग आणली तर ती कशालाच बसत नाही. तुकडा सोबत घेऊन दुकानात जा.

तापमान. पंचेचाळीसच्या पुढे जाणाऱ्या उन्हाळ्यात शेडचे सांधे ठरवताना फरक आणि वाचन वेगळं ठेवा. ३० अंश सेल्सिअसचा फरक म्हणजे ५४ अंश फॅरनहाइट. ३२ मिळवून ८६ करायचं ते फक्त थर्मामीटरच्या वाचनाला. ३० मीटर लोखंड ३० अंश सेल्सिअसने तापलं तर साधारण ११ मिमी वाढतं. चुकीच्या फरकाने १७ येतात.

## टप्पा ८: गोल करा, पण कुठल्या बाजूला ते ठरवून

मधल्या पायऱ्यांत आकडे कापू नका, शेवटीच कापा. आणि जवळच्या आकड्याकडे डोळे मिटून जाऊ नका.

- सोडायची जागा, कव्हर, भार: वर.
- सळाखांचं अंतर, क्षमता, परवानगीची उंची: खाली.

मंजूर नकाशात ३ मीटर मार्जिन (हद्दीपासून सोडायची जागा) आहे. मिस्त्रीला "नऊ फूट दहा इंच" सांगितलं तर २.९९७ मीटर होतात, तीन मिमी कमी. नऊ फूट दहा इंच एक सूत सांगा. २० मिमी कव्हरला "पाऊण इंच" म्हणू नका, तो १९ मिमीच भरतो. १५० मिमी अंतराला "सहा इंच" म्हटलं की ते १५२ होतं.

मशीनिंगमध्ये सहनमर्यादा आतल्या बाजूला गोल होते. १.२५० ± ०.००२ इंच म्हणजे ३१.६९९२ ते ३१.८००८ मिमी. नकाशावर ३१.७० ते ३१.८० लिहा. सीएनसी मशीनच्या प्रोग्रामच्या सुरुवातीला इंचाचा जी२० आहे की मिमीचा जी२१, ते पहिल्या कटाआधी पाहा.

उलट तपासणी. आलेलं उत्तर मूळ एककात परत न्या. ८.१९ × ३५.३१५ = २८९ घनफूट. जुळलं. हे ज्याने हिशेब केला त्याने करू नये. दुसऱ्याला फक्त मूळ माप द्या, उत्तर दाखवू नका.

## चूक सापडली तर

१. त्या आकड्यावर पुढे काय काय झालं ते आधी शोधा: ऑर्डर, चलन, बार बेंडिंगचा तक्ता, सॉफ्टवेअरची फाइल, व्हॉट्सअॅपवर मिस्त्रीला गेलेला फोटो.
२. वहीत जुना आकडा एका रेघेने खोडा, वाचता येईल असा. शेजारी नवा आकडा, एकक, तारीख, सही.
३. काँक्रीट पडलं नसेल तर काम थांबवा. पडलं असेल तर फरक मिमीत आणि टक्क्यांत काढून स्ट्रक्चरल इंजिनिअरला लेखी कळवा. "थोडं कमी पडलं" असं कळवू नका.
४. त्याच माणसाने, त्याच आठवड्यात, त्याच तक्त्यात केलेले बाकीचे आकडे पुन्हा काढा. १०.६ लिहिणाऱ्याने ६.१० ही कुठेतरी लिहिलेलं असतं.